केनेट-अॅव्हन कालवा: माथ्यावर पाणीच नव्हतं

इंग्लंडमधल्या केनेट-अॅव्हन कालव्याचे फोटो बघितले की सगळे केन हिलच्या लॉक्सवर (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदांवर) थांबतात, पण ते लॉक्स, ते पंपघर, तो बोगदा हे सगळं तिथे का आलं हे कळायचं तर आधी पाण्याचं गणित बघायला हवं. रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत हा सगळा जलमार्ग ८७ मैलांचा, दोन्ही टोकांना नद्या आहेत म्हणून तिथे प्रश्न नाही, पण मधे विल्टशरचा उंचवटा आणि तिथे वर, कालव्याच्या सगळ्यात उंच भागात म्हणजे माथ्यावर, एकही धड झरा नाही. आणि लॉकचं कसं असतं, बोट माथा ओलांडून गेली की चढताना एक आणि उतरताना एक अशी दोन लॉकभर पाणी माथ्यावरून खाली जातं, ते परत कोण भरणार?

१७९४ मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली, इंजिनिअर जॉन रेनी. त्याच्या मूळ आराखड्यात माथा खाली ठेवून लांबलचक बोगदा होता. विल्यम जेसप या दुसऱ्या इंजिनिअरने सांगितलं की बोगदा छोटा करा, कालवा वरून न्या आणि पाणी वाफेच्या इंजिनाने चढवा, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतील. ते ऐकलं म्हणून आज ब्रूस बोगदा फक्त ५०२ यार्डांचा आहे. खरं तर तिथे नुसता खोल चर खणूनही भागलं असतं, पण जमीनमालक अर्ल ऑफ एल्सबरीला आपल्या इस्टेटीत चर नको होता! तेव्हा बोटी काठावरून घोडे ओढायचे, पण बोगद्यात घोड्यांना वाट नाही, त्यामुळे नावाडी भिंतीवरची साखळी धरून बोट ओढायचे.

केन हिलचे लॉक्स सगळ्यात शेवटी बांधून झाले, १८१० मध्ये. डिवायझेसजवळ दोन मैलांत २३७ फूट चढ, त्यासाठी २९ लॉक्स, त्यातले १६ तर एका सरळ रेषेत. ते इतके जवळजवळ आहेत की मधे पाणी साठवायला जागाच उरली नाही, म्हणून त्यांच्या बाजूला आडवी तळी खणली आहेत. मला तर लॉक्सपेक्षा ती तळीच जास्त आवडतात.

पुढे १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे झाली, माल तिकडे वळला, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा घेतला आणि मग हळूहळू दुर्लक्ष. १९५० च्या दशकात तर तो कायमचा बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा लोकांनी सह्या गोळा करून १९५६ मध्ये राणीकडे अर्ज पाठवला, नंतर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं गाळ उपसला, लॉक दुरुस्त केले, आणि १९९० मध्ये त्याच राणीने केन हिलला येऊन कालवा पुन्हा खुला केला.

आणि माथ्यावर पाणी चढवणारं क्रॉफ्टनचं पंपघर! तिथलं १८१२ चं बोल्टन अँड वॉट इंजिन अजून त्याच इमारतीत आहे. एरवी पाणी विजेचे पंप चढवतात, पण वर्षातले काही दिवस कोळसा पेटवून ते इंजिन चालू करतात आणि माथ्यावरचं पाणी पुन्हा तेच भरतं.