एडमंड पेटस पूल, सेल्मा

एडमंड पेटस पूल : अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या सेल्मा शहरात अलाबामा नदीवर असलेला पोलादी कमानीचा पूल. १९४० मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी राजधानी माँटगोमेरीकडे निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांनी पूल ओलांडताच पोलिसांनी त्यांना झोडपून काढले. हा दिवस ‘रक्तरंजित रविवार’ म्हणून ओळखला जातो. २०१३ मध्ये पुलाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

पुलाला नाव आहे ते यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेल्या सेनानीचे. हा एडमंड पेटस पुढे अलाबामातून सिनेटवर निवडून गेला. नाव बदलण्याची मागणी अधूनमधून होत असते. याच पुलापाशी ज्यांचे डोके फुटले ते मोर्चाचे एक नेते जॉन लुईस मात्र नाव बदलण्याच्या विरोधात होते. इतिहास जसा आहे तसा दिसू द्यावा, असे त्यांचे म्हणणे.

सेल्मा म्हणजे पूल आणि तिथला लाठीमार, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. खरी कोंडी पुलावर नव्हती, ती सेल्मा ज्यात मोडते त्या डॅलस काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कचेरीत होती. काळ्या मातीच्या या कापूसपट्ट्यात लोकसंख्येत काळे लोक निम्म्याहून जास्त, पण मतदानाच्या वयाच्या सुमारे १५,००० काळ्यांपैकी यादीत नावे जेमतेम तीनशे. नोंदणीची खिडकी महिन्यातून दोनच दिवस उघडे. अर्जदाराला संविधानातील उतारे वाचून-लिहून दाखवावे लागत, त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत, आणि पास-नापास ठरवणार गोरा कारकून. शिवाय आधीच नोंदलेल्या मतदाराची हमी हवी. रांगेत उभे राहिल्याचे मालकाच्या कानावर गेले की नोकरी जाई. बाहेर काउंटीचा शेरीफ (पोलीसप्रमुख) जिम क्लार्क छातीवर ‘कधीच नाही’ असा बिल्ला लावून उभा असे. जानेवारी १९६५ मध्ये त्याने अमेलिया बॉइंटन या ज्येष्ठ कार्यकर्तीला कोटाच्या कॉलरला धरून फरफटत नेले. त्याच आठवड्यात शंभरावर काळे शिक्षक रांगेने कचेरीवर गेले, तेही खिशात टूथब्रश घेऊन, कारण तुरुंगात जावे लागेल हे गृहीतच होते. नोकरी गमावण्याच्या भीतीने आजवर गप्प राहिलेला हा पांढरपेशा वर्ग रस्त्यावर उतरला, हे त्या गावात मोठेच नवल होते.

या लढ्याचा एक धागा नागपूरला येऊन मिळतो. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारून तुरुंगवास भोगलेले, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे कार्यकर्ते जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते (शहर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते). गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास त्यांनी इथे केला आणि बसमधील वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत झालेल्या बस-बहिष्काराची बातमीही इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. परतल्यावर नॅशव्हिल येथे ते विद्यार्थ्यांच्या शिबिरांत अक्षरशः मार खाण्याची तालीम घेत. काहींनी गोरा जमाव व्हायचे, ढकलायचे, शिव्या द्यायच्या. उरलेल्यांनी हात न उचलता जागेवर बसून राहायचे. जॉन लुईस, डायेन नॅश, जेम्स बेव्हल आणि बर्नार्ड लाफायेट हे चौघेही या शिबिरांत तयार झाले. सेल्मावर या चळवळीतल्या एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेने ‘इथे काही होणे नाही’ म्हणून नकाशात फुली मारली होती. १९६३ मध्ये लाफायेट तिथेच गेले आणि जूनमध्ये एका रात्री त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बाँबस्फोटात चार मुली ठार झाल्या, तेव्हा नॅश आणि बेव्हल यांनी अलाबामाव्यापी मतदान-आंदोलनाचा आराखडा मांडला. मार्टिन ल्यूथर किंग सेल्मात आले ते जानेवारी १९६५ मध्ये. त्यांच्या येण्याने सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. जमीन मात्र आधीच नांगरलेली होती.

१८ फेब्रुवारीच्या रात्री जवळच्या मॅरियन गावात मोर्चा निघाला, रस्त्यावरचे दिवे गेले आणि पोलीस तुटून पडले. एका उपाहारगृहात आई आणि म्हाताऱ्या आजोबांना वाचवायला मध्ये पडलेल्या २६ वर्षांच्या जिमी ली जॅक्सन यांच्या पोटात एका पोलिसाने गोळी झाडली. आठ दिवसांनी ते गेले. जॅक्सन चर्चचे पदाधिकारी होते आणि मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न त्यांनी अनेकदा केला होता. गोळी झाडणाऱ्या पोलिसाला शिक्षा झाली २०१० मध्ये, आणि तीही सहा महिन्यांची. या मृत्यूनंतर बेव्हल यांनी सुचवले, चालत माँटगोमेरीला जायचे आणि गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांना जाब विचारायचा.

पुलाची कमान मध्यभागी उंच असल्याने सेल्माकडून चढताना पलीकडचे टोक दिसत नाही. ७ मार्चला जॉन लुईस आणि किंग यांचे सहकारी होझिया विल्यम्स मोर्चा घेऊन माथ्यावर पोहोचले तेव्हा खाली निळ्या गणवेशातील राज्य पोलीस रस्ता अडवून उभे दिसले आणि त्यांच्या सोबतीला क्लार्कचे घोडेस्वार. लुईस यांच्या पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तके, एक सफरचंद, एक संत्रे आणि टूथब्रश होता. पांगायला दोन मिनिटे दिली गेली. ती संपण्याआधीच लाठ्या चालल्या, मग अश्रुधूर आणि घोडे. लुईस यांची कवटी फुटली. अमेलिया बॉइंटन बेशुद्ध पडल्या. पळणाऱ्यांचा पाठलाग मोर्चा जिथून निघाला त्या ब्राउन चॅपल चर्चच्या वस्तीपर्यंत झाला. त्या रात्री एबीसी वाहिनीवर नाझींच्या न्यूरेंबर्ग खटल्यावरचा चित्रपट चालू होता. तो थांबवून ही दृश्ये दाखवली गेली. पुढचे काम कॅमेऱ्याने केले, असे म्हणायला हरकत नाही.

मंगळवारी किंग यांनी दुसरा मोर्चा नेला, पण न्यायालयाची मनाई असल्याने पुलापलीकडे प्रार्थना करून तो मागे वळवला. तरुण कार्यकर्त्यांना हे मुळीच रुचले नाही. त्याच संध्याकाळी जेम्स रीब या गोऱ्या धर्मोपदेशकावर हल्ला झाला आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. रीब यांच्या पत्नीला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा फोन गेला. जॅक्सन यांच्या घरी असा फोन गेला नव्हता, ही बोच काळ्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच बोलून दाखवली, आणि ती रास्त होती.

अखेर न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्या परवानगीने आणि केंद्राच्या सैन्याच्या पहाऱ्यात २१ मार्चला मोर्चा निघाला. जॅक्सन यांचे आजोबाही त्यात चालले. २५ तारखेला माँटगोमेरीत सुमारे २५,००० लोक जमले. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीतून सोडणाऱ्या डेट्रॉइटच्या व्हायोला लियुझो यांना कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी गोळ्या घालून मारले. मारेकऱ्यांच्या गाडीत एफबीआयचा एक खबऱ्याही होता.

मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्ट १९६५ रोजी सही झाली. साक्षरतेच्या परीक्षा बंद झाल्या, केंद्राचे अधिकारी नावे नोंदवू लागले, आणि वाईट इतिहास असलेल्या प्रदेशांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेणे बंधनकारक झाले. १९६६ मध्ये नव्या मतदारांनी क्लार्कला घरी बसवले. महापौरपद मात्र १९६४ पासून जवळपास सलग जोसेफ स्मिथरमन यांच्याकडेच राहिले. सेल्माला पहिला काळा महापौर मिळायला २००० साल उजाडावे लागले.

पूर्वमंजुरीच्या अटीला अलाबामातीलच शेल्बी काउंटीने आव्हान दिले आणि जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कोणाला लागू हे ठरवणारे कलम रद्द केल्याने अटच निकामी झाली. अलाबामाने लगेच मतदानासाठी छायाचित्रासह ओळखपत्राची सक्ती अमलात आणली. २०१५ मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली वाहन परवान्याची ३१ कार्यालये बंद करण्याचे जाहीर झाले, त्यात काळ्यांची वस्ती जास्त असलेल्या अनेक काउंट्या होत्या. ओळखपत्र म्हणून बहुतेक लोक हाच परवाना दाखवतात. ओरड झाल्यावर ती महिन्यातून एक दिवस उघडायचे ठरले. २०१६ अखेरीस केंद्रीय परिवहन खात्याच्या चौकशीनंतर कामाचे तास वाढवणे राज्याला भाग पडले.