बडोद्याचा सूर्य सदतीस मिनिटं मागे

जानेवारीच्या मध्यावर बडोद्यात सूर्य उगवतो सात वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला. सकाळपाळीची शाळा भरते सात-सव्वासातला. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर या भागांतून रिक्षा आणि व्हॅन मुलांना घेऊन निघतात तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालूच असतात. पावणेसहाला नववीतल्या मुलाला हाका सुरू होतात. तो उठतो, ब्रश तोंडात धरून बेसिनसमोर डोळे मिटून उभा राहतो, आणि आई डब्यात भाजी भरता भरता स्वयंपाकघरातूनच पुन्हा ओरडते. त्या पाऊण तासात घरात जे बोलणं होतं ते एवढंच: ऊठ, आवर, दूध पी, काका हॉर्न वाजवतायत, पळ.

शाळेच्या पालकसभेत विषय निघतो तो ‘घरच्यांसाठी वेळच मिळत नाही’ असा. मग वेळापत्रक करा, मोबाइल बाजूला ठेवा, रविवार राखून ठेवा, असे सल्ले मिळतात. सल्ले वाईट नाहीत, पण त्यांत शरीराचा विचार नसतो. घरातली चार माणसं एका छताखाली किती तास असतात यापेक्षा ती एकाच वेळी जागी आणि ताजीतवानी किती वेळ असतात, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आणि बडोद्यात या प्रश्नाचं थोडंसं उत्तर भूगोलात दडलंय.

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. बडोदं साधारण ७३.२ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या ९.३ अंश पश्चिमेला. हिशेब सरळ आहे: घड्याळात सात वाजतात तेव्हा बडोद्याच्या सूर्याप्रमाणे सहा वाजून तेवीस मिनिटंच झालेली असतात. कोलकाता आणि बडोदं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी जानेवारीत कोलकात्याला सूर्य सव्वासहाच्या सुमाराला वर येतो, आपल्याकडे त्यानंतर तासाभराने. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाली. तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ मुंबईने त्यानंतरही १९५५ पर्यंत सोडली नव्हती. योगायोग असा, की सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेलं मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळ्या बडोदे राज्याला लागू झालं तेही १९०६ सालीच.

कुणी म्हणेल, सदतीस मिनिटांनी असा काय फरक पडतो? माणूस घड्याळाकडे बघून उठतो, सूर्याकडे बघून नाही. हीच गोष्ट जर्मनीत तपासून पाहिली गेली आहे. जर्मनीची पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे ९ अंश, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचायला सूर्याला ३६ मिनिटं लागतात. आपल्या बडोदे ते मिर्झापूर अंतराएवढाच हा फरक. सगळ्या देशाचं घड्याळ एक, टीव्हीच्या बातम्यांची वेळ एक. टिल रोनेबर्ग हे संशोधक आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा नकाशावर मांडल्या, तेव्हा दिसलं की माणसं जसजशी पश्चिमेकडची, तसतशी त्यांची झोप उशिराकडे सरकलेली, तीही बऱ्यापैकी सूर्याच्या हिशेबाने. मोठ्या शहरांत हा परिणाम थोडा फिका होता, पण पुसला गेला नव्हता.

याचं कारण मेंदूत आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. झोप, तापमान, भूक, संप्रेरकं या सगळ्यांचा दिवसभराचा ताल तो राखतो. पेशीच्या आत हे घड्याळ चालतं कसं याचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. बाहेरच्या उजेडाचा निरोप त्या पुंजक्यापर्यंत नेण्यासाठी डोळ्यांच्या पडद्यात खास पेशी असतात, बघण्याच्या कामापेक्षा उजेड मोजण्याचं काम त्या जास्त करतात. अंधार पडू लागला की हे घड्याळ मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवायला सांगतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं.

यातली मेख अशी, की माणसाचं हे आतलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही. प्रयोगशाळेत उजेडाचा आधार काढून घेऊन मोजलं, तर ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचं भरतं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडत असतं आणि सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ओढून जागेवर आणतो. उजेड उशिरा मिळाला की ओढही उशिरा बसते. त्यात वयात येणाऱ्या मुलांमध्ये मेलाटोनिन स्रवण्याची वेळच तास-दोन तास उशिराकडे सरकते. अकराला झोप न येणारी पंधरा वर्षांची मुलगी दर वेळी मोबाइलमुळेच जागी असते असं नाही. तिच्या मेंदूत रात्र अजून पुरती उतरलेलीच नसते.

भारतातली मुलं यात कुठे बसतात, याचा अभ्यास मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने केला. जिथे सूर्य उशिरा मावळतो तिथली मुलं उशिरा झोपतात, पण शाळेची वेळ ठरलेली असल्यामुळे उशिरा उठू शकत नाहीत. सूर्यास्त तासाभराने पुढे गेला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, असं त्यांना आढळलं. शिक्षणाची वर्षंही कमी भरतात, आणि गरीब घरांतल्या मुलांना याचा फटका जास्त बसतो. आमच्याकडे जूनअखेर सूर्य मावळतो साडेसातच्या सुमाराला, तेव्हा हा अभ्यास वाचताना मला आपल्याच गल्लीबद्दल वाचतोय असं वाटलं.

आता घरातला हिशेब मांडू. तेरा ते अठरा वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, सहा ते बारा वयात ९ ते १२. पावणेसहाला उठणाऱ्या नववीतल्या मुलाला किमान आठ तास हवे असतील, तर पावणेदहाला तो झोपलेला हवा. वडील मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, येतात आठला, आणि दुसरी पाळी असेल तर साडेअकराला. ट्यूशन सुटते साडेआठला. जेवायला बसेपर्यंत नऊ वाजतात. जेवताजेवता कुठे गप्पा रंगायला लागतात तोवर झोपेची वेळ होऊन गेलेली असते. म्हणजे या घरात एकत्र बसायचा वेळ निघतो तो मुलाच्या झोपेतून. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा चिडचिड करत उठतो आणि आपण म्हणतो, हल्ली हा घरात नीट बोलतच नाही.

दोन पाळ्यांच्या शाळांनी यात आणखी एक गुंता केला आहे. मोठी मुलं सकाळी, लहान दुपारी, इमारत तीच. थोरली साडेबाराला घरी येते तेव्हा धाकटा निघालेला असतो. तो साडेपाचला येतो तेव्हा ती ट्यूशनला गेलेली असते. एका शाळेत शिकणारी सख्खी भावंडं आठवड्याचे सहा दिवस फाटकाशी एकमेकांना हात करतात.

किती वेळ पुरतो, यावर संशोधन आहे, आणि ते आयांच्या मनावरचं ओझं थोडं हलकं करणारं आहे. अमेरिकेत मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते अकरा वयोगटात आईने मुलांबरोबर घालवलेल्या तासांचा आणि मुलांच्या अभ्यासाचा, वागणुकीचा संबंध जवळपास दिसलाच नाही. बारा ते अठरा वयोगटात मात्र दिसला. त्यातही आई-वडील दोघं बरोबर असतील तो वेळ जास्त मोलाचा ठरला. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत, फक्त संबंध दिसतो, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दिशा महत्त्वाची आहे. मुलं लहान असताना आपण जिवाचा आटापिटा करतो आणि आठवी-नववीत गेल्यावर ‘आता मोठी झाली’ म्हणून सोडून देतो. गरज नेमकी त्याच वयात वाढलेली असते.

संशोधक रीड लार्सन यांनी शिकागोच्या परिसरातल्या मुलांना पेजर देऊन दिवसभरात केव्हाही विचारलं: आत्ता कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, कसं वाटतंय? दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत घरच्यांबरोबरचा वेळ जागेपणाच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. पण आई किंवा वडील यांच्याबरोबर एकट्याने घालवलेला वेळ मात्र फारसा घटला नाही. हे वाचून मला स्कूटरवरच्या त्या दहा मिनिटांची किंमत कळली, ट्यूशनवरून मुलीला मागे बसवून आणतानाच्या. लार्सन यांनी सुमन वर्मांबरोबर चंदिगढच्या आठवीतल्या मुलांचाही असाच अभ्यास केला. तिथे जागेपणाचा सुमारे एक तृतीयांश वेळ शाळा आणि अभ्यासात जात होता, आणि गृहपाठाच्या वेळी मुलांची मनःस्थिती खालावलेली असायची. घरच्यांबरोबर ती बरी असायची.

बडोद्यातल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी, व्हॅनमध्ये हिंदी-गुजराती, ट्यूशनला पुन्हा तेच. मराठी ऐकू येते ती जेवणाच्या ताटावर. एमरी विद्यापीठातल्या रॉबिन फायवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांना घराण्याबद्दल वीस प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, घरावर कुठलं संकट आलं होतं. ज्यांना उत्तरं जास्त माहीत होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त होता. आपले पणजोबा गायकवाडांच्या कुठल्या खात्यात होते, वाड्याचा कुठला भाग भाऊबंदकीत गेला, हे आजी सांगते ते मराठीतून आणि जेवण झाल्यावर, हात वाळत असताना. घरातली सगळी एका वेळी जागी असायला हवीत ती त्यासाठी.

मग ती वेळ आणायची कुठून? रविवारकडे सगळ्यांचा डोळा असतो, पण रविवार झोपेच्या कर्जात बुडालेला असतो. शाळेच्या दिवशी साडेदहा ते पावणेसहा झोपणारा मुलगा शनिवारी रात्री साडेबाराला झोपून रविवारी साडेदहाला उठला, तर त्याच्या झोपेचा मध्य सव्वातीन तासांहून जास्त सरकतो. दर शनिवारी आपल्यापेक्षा तीनेक तास मागे असलेल्या कैरोला जाऊन सोमवारी परत यावं तसंच हे. शरीरापुरता फरक एवढाच, की सूर्य बडोद्याचाच राहतो. सातला त्याला गदागदा हलवू नये, त्याला ती झोप हवीच आहे. पण आठ-साडेआठला उठवून बाहेर न्यावं. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो, ट्यूबलाइटच्या खोलीत तो शेकड्यांतच राहतो. १८७९ सालच्या कमाटी बागेत एक फेरी मारली आणि येताना शेव-उसळ खाल्ली, तर आतलं घड्याळही जागेवर येतं आणि तासभर गप्पाही होतात. मला तरी दोन्ही कामं एकदम करणारा दुसरा उपाय माहीत नाही.

नवरात्रीची गोष्ट वेगळी. गरब्याहून येऊन झोपायला एक वाजतो, तरी तो वेळ मुलांपासून कुणी काढून घेऊ नये. तीन पिढ्या एका मैदानावर, एका ठेक्यावर, असं बाकी कधी घडतं? पण आपलं घड्याळ चोवीस तासांहून मोठं असल्यामुळे ते मागे सरकतं सहज आणि पुढे यायला त्रास देतं. दसऱ्यानंतरचे तीन-चार दिवस शाळांनी परीक्षा लावू नयेत, एवढं पालकांनी मागायलाच हवं.

रात्री दहाला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या चार्ट पेपर आणणे’ असा निरोप येतो, तोही थांबवता येईल. निरोप संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा, असा नियम शाळेने केला तर फुकटात अर्धा तास झोप वाचेल. दुकान शोधत फिरणारे वडील घरी राहतील ते वेगळंच.

मोठा उपाय शाळेच्या वेळेचाच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये असं म्हटलं. सिॲटल शहराने २०१६ मध्ये वेळ ७:५० वरून ८:४५ केली. तेव्हा शंका हीच होती, की मुलं आणखी उशिरापर्यंत जागतील. मोजल्यावर झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. बडोद्यात एवढा बदल लगेच होणार नाही, कारण दुपारपाळीला इमारत रिकामी करून द्यावी लागते आणि तीच व्हॅन तीन शाळांच्या फेऱ्या मारते. पण फक्त १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी एवढ्यापुरतं सकाळपाळी अर्ध्या तासाने पुढे नेणं जमण्यासारखं आहे. काही शाळा थंडी वाढली की तेवढे दिवस हे करतातच. दुपारपाळी मग पावणेसहाला सुटेल. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला मावळतो. जवळची लहान मुलं उजेडात घरी पोचतील, वाघोडिया रोडच्या टोकाला राहणाऱ्यांची व्हॅन आधी सोडावी लागेल, आणि फेऱ्यांचा क्रम व्हॅनवाल्या काकांबरोबर बसून ठरवावा लागेल.