बेटांवरील आहारमापन

एखादी व्यक्ती दिवसभरात काय आणि किती खाते, हे विचारून किंवा प्रत्यक्ष वजन करून ठरवण्याला आहारमापन म्हणतात. दूरच्या बेटांवर हे काम अवघड होते, कारण तेथील अन्नाचा मोठा भाग विकत घेतलेला नसतो. तो समुद्रातून, परसातून आणि शेजारघरातून येतो.

मागील चोवीस तासांचे खाणे आठवून सांगण्याची पद्धत सर्वांत स्वस्त आहे, मात्र होडीवर किंवा वाटेत तोंडात टाकलेले तीत हमखास निसटते. प्रत्येक पदार्थ तोलणे अधिक अचूक खरे, पण परका माणूस काटा घेऊन चुलीपाशी बसला की घरातला बेतच बदलतो.

प्रशांत महासागरातील टोकेलाऊ बेटांवर पकडलेली मासळी ‘इनाती’ या प्रथेनुसार गावभर वाटली जाते. त्यामुळे कुटुंबाचा वाटा कळला, तरी तो कोणाच्या ताटात किती पडला हे कळत नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार टोकेलाऊवासीयांना सुमारे ६३ टक्के, तर कुक बेटांपैकी पुकापुका या बेटावरील लोकांना ३४ टक्के ऊर्जा नारळातून मिळत होती. शहाळ्याच्या कोवळ्या मलईत स्निग्धांश थोडा आणि पिकल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश असल्याने, नुसते ‘एक नारळ’ असे लिहिले की तेवढ्यानेही हिशेब बिघडतो.

मुंबईकराला हा पेच समजायला प्रशांत महासागरात जायला नको. कोळीवाड्यातली मासळी आजही वाट्यावर विकली जाते आणि वाट्याचे वजन हंगाम, आवक व गिऱ्हाईक पाहून बदलते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आगोटीला भरलेले सुके बोंबील, जवळा आणि सोडे यांवर भागवले जाते, म्हणून नोव्हेंबरातल्या पाहणीवरून वर्षाचा आहार काढणे चूक ठरते. शिवाय ताज्या बोंबलात बहुतांश पाणीच असते; नोंदीत ‘सुका’ हा शब्द राहून गेला, तर प्रथिनांचा आकडा कित्येक पटींनी चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत, पण बंदरागणिक बदलणारी माशांची नावे त्यांच्याशी जुळवून घेणे हे वेगळेच काम आहे.

समस्थानिकयुक्त पाणी, म्हणजे हायड्रोजन व ऑक्सिजनचे नेहमीपेक्षा जड अणू असलेले पाणी, पाजून लघवीच्या नमुन्यांवरून शरीराचा ऊर्जाव्यय मोजता येतो आणि सांगितलेले खाणे त्याच्याशी ताडून पाहता येते. ही ऊर्जा माशातून आली की नारळातून, हे मात्र त्यातून कळत नाही, आणि महागडे नमुने नीट बंद करून प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचे तर पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते.