पान उघडते, पण रंग आणि फोटो गायब? पत्त्याच्या शेवटचा स्लॅश तपासा

मुख्य साइट एका सर्व्हरवर, ऑनलाइन दुकान दुसऱ्या सर्व्हरवर, आणि ग्राहकाला मात्र दोन्ही एकाच डोमेनवर दिसायला हवे, यासाठी मध्ये प्रॉक्सी, म्हणजे ग्राहकाची मागणी योग्य सर्व्हरकडे पोहोचवणारा मधला सर्व्हर, बसवतात. व्यवस्था उत्तम आहे. तिच्याबद्दल आमच्याकडे येणारी तक्रार बहुधा अशी असते: दुकानाचे पान उघडते, पण नुसता मजकूर दिसतो. लोगो नाही, रंग नाहीत, बटण दाबले तरी काही होत नाही.

समजा, दुकानाच्या पानात लोगोचा पत्ता नुसता 'चित्रे/लोगो.पीएनजी' असा लिहिला आहे. असा अर्धा पत्ता ब्राउझर स्वतः पूर्ण करतो. उघडलेल्या पानाच्या पत्त्यातले शेवटच्या स्लॅशनंतरचे सगळे तो काढतो आणि उरलेल्याला हा तुकडा जोडतो. पान '/दुकान/' वर उघडले, तर लोगो '/दुकान/चित्रे/' मध्ये शोधला जातो आणि सापडतो. तेच पान '/दुकान' वर उघडले, तर 'दुकान' हा शब्दच गळतो आणि मागणी मुख्य साइटच्या '/चित्रे/' कडे जाते. तिथे ती फाइल नसते. हा नियम आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या २००५ च्या मानकात आहे, त्यामुळे ब्राउझर बदलून उपयोग नाही.

पत्ता स्लॅशने सुरू केला, म्हणजे '/चित्रे/लोगो.पीएनजी' असा लिहिला, तर तो नेहमी डोमेनच्या मुळापासून मोजला जातो, म्हणजे इथेही मागणी मुख्य साइटकडेच जाते. डेव्हलपरच्या संगणकावर दुकान मुळाशीच असते, म्हणून तिथे सगळे सुरळीत चालते. 'आमच्याकडे तर चालत होते' हे त्यांचे म्हणणे खरेच असते. कृपया त्यांच्याशी वाद घालू नका.

आम्ही आधी स्लॅश नसलेला पत्ता स्लॅश असलेल्या पत्त्याकडे वळवतो. ही वळवणी प्रथम तात्पुरती, म्हणजे ३०२ ठेवतो, कारण कायमची ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चूक राहिली तर ती ग्राहकांच्या फोनवर चिकटून बसते. मग प्रॉक्सी पाहतो. एनजिनएक्स या प्रॉक्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये '/दुकान/' या लोकेशनसाठी, म्हणजे पत्त्याच्या त्या भागासाठी, मागच्या सर्व्हरचा पत्ता स्लॅशने संपवला, तर 'दुकान' वगळून मागणी पुढे जाते. शेवटचा स्लॅश न देता नुसता होस्ट आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे नाव आणि क्रमांक, लिहिला, तर पूर्ण पत्ता जसाच्या तसा जातो. मागच्या ॲपला यातले काय अपेक्षित आहे, हे ठरवूनच ती ओळ लिहावी लागते. शेवटी ॲपच्या सेटिंगमध्ये 'तू /दुकान/ खाली राहतोस' हे सांगतो. खरा इलाज हाच आहे.

प्रॉक्सीतून जाताना पानातले पत्ते शोधून बदलण्याचा तोडगा आम्ही शक्यतो टाळतो. जावास्क्रिप्ट जे पत्ते चालता चालता तयार करते, ते त्यातून निसटतात आणि महिन्याभराने तीच तक्रार परत येते.

आम्हाला कळवताना ॲड्रेस बारमधला पत्ता कॉपी करूनच पाठवा. हाताने टाइप करताना नेमका स्लॅशच सुटतो. शक्य असेल तर एफ १२ दाबून कन्सोलमधल्या, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या भागातल्या, लाल ओळींचा स्क्रीनशॉट जोडा. स्टाइलची फाइल 'टेक्स्ट/एचटीएमएल' प्रकारची आहे म्हणून नाकारली, अशी ओळ त्यात असेल, तर सीएसएसच्या, म्हणजे त्या स्टाइलच्या फाइलच्या, जागी बहुधा 'पान सापडले नाही' हे पान पोहोचले आहे. दुरुस्तीनंतर एकदा इनकॉग्निटो खिडकीत पाहा. छापून झालेले क्यूआर कोड बदलण्याची गरज नाही. त्यांतला स्लॅश नसलेला जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो.