हेल्थ अँड सोशल केअर (ब्रिटनमधील शालेय विषय)

युनायटेड किंग्डममधील माध्यमिक शाळांत शिकवला जाणारा ऐच्छिक, व्यवसायाभिमुख विषय. इंग्लंडमध्ये मुले तो साधारण चौदाव्या वर्षी निवडतात आणि सोळाव्या वर्षापर्यंत पूर्ण करतात. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत कसा बदलतो, त्याला केव्हा कोणाचा आधार लागतो, आधार देणाऱ्या सेवा कशा चालतात आणि तो देताना समोरच्याचा मान कसा राखायचा, एवढा या विषयाचा आवाका आहे. वर्गात मुलींची संख्या बरीच जास्त असते. हा विषय शिकल्याने कोणी नर्स होत नाही. जखम बांधणे किंवा अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवणे ही कौशल्ये येथे शिकवली जात नाहीत.

अभ्यासक्रमाने एकत्र आणलेली आरोग्यसेवा आणि सामाजिक देखभाल इंग्लंडच्या प्रत्यक्ष व्यवस्थेत मात्र वेगळ्या नांदतात. ५ जुलै १९४८ रोजी नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि उपचार करांच्या पैशातून होऊ लागले. त्याच दिवशी अमलात आलेल्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने वृद्ध व अपंगांच्या निवासाची सोय स्थानिक कौन्सिलांकडे सोपवली, आणि तेथे ऐपत पाहून शुल्क घेण्याची तरतूद होती. ही फट आजही बुजलेली नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक बचत व मालमत्ता असलेल्या व्यक्तीला केअर होमचा, म्हणजे देखभालीसह निवासाचा, खर्च सहसा स्वतःच उचलावा लागतो. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णावरचा रुग्णालयातला उपचार मोफत होतो, तर स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेला रोज अंघोळ घालणाऱ्या केअररचे (देखभाल कर्मचाऱ्याचे) पैसे अनेकदा कुटुंबाला भरावे लागतात. स्कॉटलंडने २००२ मध्ये वृद्धांची वैयक्तिक देखभाल मोफत केली. विद्यार्थ्याने या विषयातून दुसरे काही नेले नाही आणि एवढा भेद समजून घेतला, तरी दोन वर्षे सत्कारणी लागली असे म्हणता येईल.

शाळांत शिकवल्या जाणाऱ्या पात्रतांपैकी, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांपैकी, पिअर्सन या परीक्षा मंडळाचा बीटेक टेक अवॉर्ड आणि ओसीआर मंडळाचे केंब्रिज नॅशनल या प्रमुख आहेत. (यातल्या बीटेकचा अभियांत्रिकीच्या पदवीशी संबंध नाही.) टेक अवॉर्डसाठी १२० तासांचे मार्गदर्शित अध्यापन गृहीत धरलेले असते. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात मानवी विकास, दुसऱ्यात सेवा व त्यामागची मूल्ये, तर तिसऱ्यात आरोग्य आणि स्वास्थ्य. पहिल्या दोन भागांचे स्वाध्याय मंडळ ठरवते आणि ते शाळेत तपासले जातात. तिसऱ्या भागाची बाह्य लेखी परीक्षा असते.

विकासाच्या भागात वयाचे सहा टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्पा शारीरिक, बौद्धिक, भावनिक व सामाजिक अशा चार अंगांनी तपासला जातो. इंग्रजी आद्याक्षरांवरून वर्गात या चौकटीला ‘पाईज’ म्हणतात. घटस्फोट, नोकरी जाणे, अपघात, निवृत्ती अशा घटनांचा चारही अंगांवर काय परिणाम होतो, हे मुलांना मांडावे लागते. चौकट यांत्रिक आहे, पण तिचा एक फायदा होतो. पाय मोडलेल्या माणसाकडे पाहताना मुले केवळ पायापाशी थांबत नाहीत. घरात अडकल्याने तुटलेला मित्रपरिवारही त्यांच्या उत्तरात येतो.

मूल्यांच्या भागात ‘सिक्स सीज’ शिकवले जातात: काळजी, करुणा, क्षमता, संवाद, धैर्य आणि बांधिलकी. २०१२ च्या अखेरीस इंग्लंडच्या तत्कालीन मुख्य नर्सिंग अधिकारी जेन कमिंग्ज यांनी पुढे आणलेल्या धोरणातून ही सहा मूल्ये आली. तेव्हा इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयातील रुग्णांच्या हेळसांडीची सार्वजनिक चौकशी चालू होती. रॉबर्ट फ्रान्सिस यांनी तिचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये दिला. यादीतले ‘धैर्य’ त्या पार्श्वभूमीवर वाचले तरच कळते. चुकीचे काही दिसले तर वरिष्ठांसमोर बोलण्याची हिंमत, असा त्याचा अर्थ आहे. यादी म्हणून पाठ केली तर त्यातला जीव जातो, आणि परीक्षेच्या तयारीत ते सहज घडते.

विषयाची खरी उणीव येथेच आहे. सोळा वर्षांपर्यंतच्या या अभ्यासक्रमात केअर होम किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करण्याची सक्ती नाही. एखाद्या काल्पनिक व्यक्तीची माहिती द्यायची, तिचे रक्तदाब, नाडी व बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) आकडे पुढे ठेवायचे आणि आरोग्य सुधारण्याची योजना मागायची, असे प्रश्नांचे रूप असते. अशा व्यक्तीला कंटाळा येत नाही, ती औषध नाकारत नाही, ओरडत नाही. त्यामुळे संयमाबद्दल उत्तम लिहिणाऱ्या मुलाकडे संयम आहे की नाही, हे गुणपत्रिकेवरून समजत नाही.

‘सोपा विषय’ हा शिक्का जुना आहे आणि तो पूर्णपणे मुलांच्या कुवतीमुळे बसलेला नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या जीएनव्हीक्यू या व्यावसायिक पात्रतेच्या पहिल्या क्षेत्रांत हा विषय होता. पुढे तिच्या मधल्या पातळीचे वजन शाळांच्या क्रमवारीत चार जीसीएसईंइतके (जीसीएसई म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी दिली जाणारी एकेका विषयाची शालेय परीक्षा) धरले जाई, त्यामुळे अशा पात्रतांकडे मुले वळवणे शाळांच्या पथ्यावर पडे. २००२ पासून दोन जीसीएसईंच्या वजनाचा उपयोजित जीसीएसईही आला. ॲलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालाने या हिशेबावर बोट ठेवले आणि त्यानंतर अशी कोणतीही पात्रता क्रमवारीत एकाच जीसीएसईइतकी मोजली जाऊ लागली. नंतरच्या फेररचनेत इंग्लंडमध्ये या विषयाचा जीसीएसई उरला नाही. वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये तो आहे. स्कॉटलंडच्या स्वतंत्र परीक्षापद्धतीत ‘केअर’ नावाचा विषय असतो.

सोळाव्या वर्षानंतर बीटेक नॅशनलसारख्या पात्रता घेता येतात. २०२१ पासून इंग्लंडमध्ये आरोग्य विषयातील टी लेव्हल ही दोन वर्षांची व्यावसायिक पात्रताही आहे, आणि त्यात किमान ३१५ तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव बंधनकारक असतो. नर्सिंगला जायचे तर पुढे पदवी लागते. केअर होममध्ये लागणाऱ्या नवख्या कर्मचाऱ्यांसाठी एप्रिल २०१५ पासून केअर सर्टिफिकेट हा प्राथमिक प्रशिक्षणाचा मानदंड आहे; प्रौढांच्या सामाजिक देखभालीसाठी वेगळी टी लेव्हल मात्र सुरू करण्यात आली नाही.