घरातल्या समुद्राचा हिशेब

रविवारी सकाळी चहा झाला की मी खिडकीपाशी स्टूल ओढून बसतो. हातात काचेची बारकी कुपी, तिच्यात माशांच्या टाकीतलं पाच मिलिलिटर खारं पाणी, मागे पांढरा कागद. कुपीत एकेक थेंब टाकायचा, हलवायचं, रंग बघायचा. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं. पाचवा निळा, सहावा निळा, सातव्यालाही निळाच. आठवा थेंब पडला की निळाई विरते आणि पाणी पिवळं होतं. वहीत लिहायचं : अल्कलिनिटी ८.

रंकाळ्याजवळच्या आमच्या घरापासून समुद्र घाटापलीकडे शंभरावर किलोमीटर दूर. त्यामुळे माझ्या १०० लिटरच्या टाकीतला समुद्र पुडीतून आलेला आहे : आरओच्या पाण्यात विरघळवलेलं, ॲक्वेरियमसाठी मिळतं ते सागरी मीठ. आत दोन क्लाउनफिश, काही गोगलगायी आणि खडकांवर पसरलेलं गुलाबी, दगडासारखं टणक शेवाळ. खडकी प्रवाळ मी ठेवलेले नाहीत. आपल्याकडे ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत आणि त्यांची जागा मालवणच्या समुद्रातच आहे. पण या गुलाबी शेवाळाचं आणि गोगलगायींचं काम प्रवाळासारखंच चालतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलायचं आणि त्याचा चुनखडक करायचा.

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष मांडले. समुद्र कुठलाही असो, पाणी कमी खारं असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच राहतं. म्हणजे खारेपणा एकदा मोजला की सोडियम किती, मॅग्नेशियम किती, हे सांगता येतं. काचेच्या टाकीत मात्र हा नियम टिकत नाही. महासागराच्या मानाने १०० लिटर म्हणजे काहीच नाही. क्षार उचलणारे जीव तेवढेच भुकेले आणि साठा एवढासा. खारेपणा अगदी बरोबर असूनही आतलं प्रमाण ढासळलेलं असू शकतं. घरी तपासण्या कराव्या लागतात त्या यासाठीच.

तरीही सुरुवात खारेपणापासूनच. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाष्पीभवनात उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात माझ्या टाकीतून दिवसाला दीड लिटर पाणी उडतं. चार दिवस भर घातली नाही तर ३५चे ३७ होतात. म्हणून भर आरओच्या पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, नुसत्या साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, कारण शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ला चुकू शकतं. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइडमध्ये पाणी घालून एकूण वजन एक किलो केलं, की त्या द्रावणावर ३५ दिसायला हवेत. मी दर महिन्याला त्यावर पडताळून घेतो.

आता त्या आठ थेंबांकडे. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. तपासणीच्या किटमधला प्रत्येक थेंब आम्लाचा असतो. बायकार्बोनेट शिल्लक आहे तोवर रंग निळा, संपलं की पिवळा. मापाला ‘डीकेएच’ म्हणतात, एक थेंब म्हणजे एक अंश, आणि समुद्रात ते सातच्या आसपास असतं. दहा मिलिलिटर पाणी घेऊन थेंबांची संख्या निम्मी केली, तर अर्ध्या अंशापर्यंत कळतं.

नव्याने टाकी ठेवणारे बहुतेक जण कॅल्शियमचीच काळजी करतात. मला विचाराल तर पहिलं किट अल्कलिनिटीचं घ्या. कारण साध्या गणितात आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम असतं. शेवाळाने त्यातलं २० मिलिग्रॅम उचलून चुनखडक केला, तर कॅल्शियम ४००वर येतं. घट पाच टक्क्यांची, घरगुती किटवर धड दिसणारही नाही. पण तेवढ्याच चुनखडकासाठी अल्कलिनिटी २.८ अंशांनी उतरते. आठाची पाच! एक कोठार भरलेलं, दुसरं जेमतेम. टाकीत काय चाललंय ते जेमतेम कोठारातच आधी कळतं.

म्हणून एका आकड्यापेक्षा मला वहीतली रांग महत्त्वाची वाटते. ८, मग ७.५, मग ७. आठवड्याला अर्धा अंश जातोय म्हणजे शेवाळ वाढतंय. भर घालायला स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा चालतो, कारण तो सोडियम बायकार्बोनेटच आहे. १०० लिटरला एक अंश वाढवायला तीन ग्रॅम पुरतात. आरओच्या पाण्यात विरघळवून हळूहळू ओतायचा आणि एका दिवसात एका अंशापेक्षा जास्त चढवायचं नाही. मॅग्नेशियम लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असलं की पुरे. ते पाण्यातला चुना आपोआप साखळू देत नाही.

माशांच्या घाणीतून पाण्यात नायट्रेट साठत जातं. ते मोजणाऱ्या किटने मला एकदा फसवलं. तीन आठवडे वहीत शून्य लिहीत होतो आणि काचेवर तपकिरी शेवाळ चढत होतं. त्या किटच्या दुसऱ्या बाटलीत जस्ताची पूड असते आणि ती तळाला बसते. नायट्रेटचं नायट्राइट करण्याचं काम तिचं, त्याशिवाय रंगच येत नाही. मी बाटली न हलवता थेंब टाकत होतो. अर्धा मिनिट जोरात हलवून टाकले तेव्हा पाणी लालभडक झालं, आकडा ४०. चुकीच्या शून्यावर विसंबून मी पाणी बदलणं लांबवलं होतं आणि मासे ते मुकाट्याने सोसत होते.

पावसाळ्यात वही वेगळीच दिसते. हवा दमट, त्यामुळे दिवसाला अर्धा लिटर पाणीही उडत नाही. पीएच मात्र उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. गेल्या जुलैत तो ७.९वर अडकला होता आणि अल्कलिनिटी तर पुरेपूर आठ. पाऊस थांबत नव्हता, खिडक्या आठवडाभर बंद, घरात पाच माणसं. मी टाकीतलं पेलाभर पाणी घेऊन गच्चीच्या पत्र्याखाली गेलो, हवेच्या पंपाची नळी त्यात सोडली आणि तासभर बुडबुडे येऊ दिले. मग मोजलं : ८.२. पाण्यात खोट नव्हती. आमच्या श्वासांचा कार्बन डायऑक्साइड खोलीत साठला होता आणि टाकी तो पीत होती, म्हणून पीएच उतरला होता. सोडा घातला नाही, टाकीजवळची खिडकी चार बोटं उघडी ठेवली.