स्टोमाभोवतीची त्वचा

कोलोस्टोमीच्या शस्त्रक्रियेत मोठ्या आतड्याचा एक भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून त्वचेला शिवतात आणि मल तेथून पोटावर चिकटवलेल्या पिशवीत जमा होतो. या नव्या तोंडाला स्टोमा म्हणतात. गुदद्वाराप्रमाणे त्याला आवळून धरणारा स्नायू नसल्याने मलविसर्जनाची वेळ रुग्णाच्या हाती राहत नाही. घराबाहेर पडण्याची धास्ती मुख्यतः त्यातूनच येते. ही धास्ती ओसरणे, माझ्या मते, पिशवीची चकती, म्हणजे स्टोमाभोवती त्वचेला चिकटणारा मधे छिद्र असलेला भाग, त्वचेवर किती नीट बसते यावर सर्वाधिक अवलंबून असते.

शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरते तसा स्टोमा ६ ते ८ आठवडे आक्रसत जातो. तरीही चकतीचे छिद्र पहिल्याच मापाने कापत राहिले, तर उघड्या कडेवर मल साचून त्वचा सोलवटते, त्या ओलसर त्वचेवर चकती धरत नाही आणि गळती आणखी वाढते. म्हणून या काळात दर आठवड्याला माप घ्यावे आणि छिद्र स्टोमापेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटरच मोठे ठेवावे. चकती हिसकून न काढता एका हाताने त्वचा दाबून धरून ती वरून खाली हळूहळू सोडवावी, त्वचा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी. तेलकट साबण किंवा मलम लावल्यास चकतीची पकड सुटते. पिशवी अर्धी भरण्याआधीच रिकामी करावी वा बदलावी, कारण वजनाने चकती उचकटते.

निरोगी स्टोमा लाल आणि ओलसर असतो. पुसताना किंचित रक्त दिसणे सामान्य आहे. मात्र त्याला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे झालेली इजा डोळ्यांनीच शोधावी लागते. तो काळपट पडला, रक्त थांबेना किंवा मल बंद होऊन उलट्या सुरू झाल्या, तर तातडीने रुग्णालय गाठावे.

आतड्याच्या डाव्या भागातील कायमच्या कोलोस्टोमीत मल बांधीव असतो. अशा काही रुग्णांना डॉक्टरांच्या संमतीने, स्टोमातून कोमट पाणी सोडून ठरावीक वेळी आतडे रिकामे करण्याची पद्धत शिकता येते. आंघोळ, पोहणे, प्रवास यांना सहसा आडकाठी नसते. जड वजन उचलण्याबाबत मात्र, स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा धोका असल्याने, सल्ला घ्यावा. ओटीपोटातील शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा झाल्यास लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि त्यावर उपचारही असतात, तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांना संकोच न करता विचारावा.